परसबागेच्या पहिल्या हंगामासाठी सोपे बियाणे

पाच-दहा एकर ऊस, कापूस किंवा सोयाबीन पिकविणाऱ्या घरातही भाजी मात्र आठवडी बाजारातून विकत येते, असे आता अनेक गावांत दिसते. बाजार आठवड्यातून एकदा भरतो. आणलेली पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवावी लागते आणि उरलेले दिवस बटाटा, बेसन व डाळीवर काढावे लागतात. श्रावणात भाव चढले की तेवढीही भाजी येत नाही. घरामागे पाण्याच्या हौदाजवळ जागा पडीक असते, न्हाणीचे पाणी तसेच वाहून जाते, गोठ्यातले शेणखत हाताशी असते. परसबाग करावी असे बहुतेकांच्या मनात असते आणि एकदा ती करून पाहिलेलीही असते. परंतु पहिल्या वर्षी काही उगवले नाही किंवा उगवून गेले की ती जागा पुन्हा कडब्याच्या गंजीकडे जाते आणि 'आपल्याकडे भाजी होत नाही' असा समज घरात कायमचा बसतो.

ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांसमवेत गावोगाव फिरताना अशा बंद पडलेल्या परसबागांची चौकशी आम्ही करतो. खत किंवा पाणी कमी पडले, असे सांगणारे थोडे भेटतात. बहुतेक ठिकाणी पहिल्याच वर्षी कोबी, गाजर, ढोबळी मिरची, टोमॅटो अशी बियाण्याची पाकिटे आणलेली असतात. पाकिटावरचे चित्र सुंदर असते, म्हणून ती घेतली जातात. वास्तविक ही पिके अनुभवी भाजीपाला उत्पादकालाही जपून करावी लागतात. ज्याने कधी वाफा केलेला नाही, त्याने सुरुवात भेंडी, गवार, चवळी, दोडका, मेथी, मुळा यांपासून करावी. ही शिफारस का करावीशी वाटते, याची कारणे समजून घेतली तर यादी पाठ करण्याची गरज उरत नाही.

सोपे बियाणे कशास म्हणावे?

पहिली कसोटी दाण्याच्या आकाराची. बी म्हणजे कोंब आणि त्याची शिदोरी. कोंब मातीबाहेर येऊन पहिले हिरवे पान उलगडेपर्यंत त्याला या शिदोरीवरच जगावे लागते. भेंडीचे एका ग्रॅममध्ये सुमारे १५ ते १८ दाणे बसतात, चवळीचे ८ ते १०, तर टोमॅटोचे ३०० च्या आसपास. याचा अर्थ चवळीच्या एका दाण्यापाशी टोमॅटोच्या दाण्यापेक्षा तीसपट शिदोरी असते. चवळीचा दाणा ३ सें.मी. खोल पडला, वर एखादे ढेकूळ आले, तरी तो ते बाजूला सारून वर येतो. टोमॅटोचे किंवा मिरचीचे बी तेवढ्या खोलीवर गेले तर शिदोरी वाटेतच संपते. बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल पेरावे, हा सर्वसाधारण नियम आहे. मोठ्या बियाण्याच्या बाबतीत हा अंदाज थोडा चुकला तरी चालतो, बारीक बियाण्यात चालत नाही.

आपल्याकडील भारी काळ्या जमिनीत हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे. पेरणीनंतर जोराची सर येऊन ऊन पडले की वर कडक खपली धरते. बारीक बियाण्याचा कोंब त्या खपलीखाली वळून मरतो. बी खराब निघाले असे आपण म्हणतो, पण खपली उचलून पाहिल्यास पांढरे पडलेले, मुडपलेले कोंब दिसतात.

दुसरी कसोटी, बी थेट जागेवर पेरता येते काय? कोबी, फुलकोबी, टोमॅटो, वांगी, मिरची यांची आधी गादीवाफ्यावर रोपे करावी लागतात. चार ते सहा आठवडे रोपवाटिका सांभाळायची, रोपांची मर सांभाळायची आणि मग पुनर्लागण करायची. प्रत्येक पायरीवर काही रोपे जातात. भेंडी, गवार, चवळी, घेवडा आणि सर्व वेलवर्गीय भाज्या जिथे वाढवायच्या तिथेच टोकता येतात. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर तर वाफ्यात सरळ फोकून किंवा ओळीत पेरावयाची.

तिसरी कसोटी भाजी हाती येण्याच्या काळाची. नवशिक्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही, ही गोष्ट मान्य करूनच नियोजन करावे. मेथी २५ ते ३० दिवसांत काढता येते. पालकाची पहिली कापणी ३० ते ३५ दिवसांत मिळते. भेंडीचा पहिला तोडा ४५ ते ५० दिवसांत येतो. मिरची मात्र बी टाकल्यापासून पहिल्या हिरव्या तोड्यापर्यंत तीन महिन्यांवर नेते आणि या काळात तिच्यावर फुलकिडे, कोळी व बोकड्या यांचे संकट असतेच. घरातल्या माणसांनी महिन्याभरात स्वतःच्या वाफ्यातली मेथी खाल्ली की पुढची राखण आपोआप होते, असा अनुभव आहे.

या कसोट्यांना अपवाद आहेत, तेही सांगितले पाहिजेत. माठ व राजगिरा यांचे बी अतिशय बारीक असते, तरीही ही पिके सोपी आहेत. कारण ती उष्णतेत झपाट्याने वाढतात आणि दाट उगवली तरी उपटून भाजीच करावयाची असते. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत किंवा चाळलेल्या राखेत मिसळून फोकावे आणि मातीने झाकण्याऐवजी हाताने किंवा झाडूने हलके हलवून घ्यावे. उलट कारल्याचे बी मोठे असूनही त्याचे कवच जाड असल्याने उगवण्यास वेळ लागतो. ते २४ तास पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून, मोड दिसू लागल्यावर टोकावे. कोथिंबिरीचा धना हा एक दाणा नसून दोन बियांची जोडी असते. पेरणीपूर्वी चप्पल किंवा लाकडी ठोकळ्याने हलके रगडून तो दुभंगावा, चुरा होऊ देऊ नये. कोथिंबीर उगवण्यास आठ ते बारा दिवस घेते. पाचव्या दिवशी वाफा उकरून पाहण्याची घाई करू नये.

हंगाम आधी, पाकीट नंतर

बियाणे कितीही चांगले असले तरी हंगाम चुकला की ते वाया जाते. त्यातही एकाच भाजीचे वेगवेगळे वाण वेगवेगळ्या हंगामांसाठी असतात, हे दुकानात फारसे कोणी सांगत नाही. मुळ्याचे उदाहरण घ्या. 'पुसा चेतकी' हा वाण उष्णता सोसणारा आहे. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत पेरता येतो आणि ४० ते ४५ दिवसांत तयार होतो. 'पुसा हिमानी' हा कडक थंडीचा वाण. नुसते 'मुळ्याचे बी द्या' म्हणून जूनमध्ये हिमानी आणली तर पाला माजेल आणि मुळी बारीक, तिखट व जरड निघेल. चवळीतही 'पुसा फाल्गुनी' उन्हाळी लागवडीसाठी आणि 'पुसा बरसाती' पावसाळ्यासाठी आहे.

वालाच्या बाबतीत तर नवशिक्या बागायतदाराची हमखास फसगत होते. वेलीवर वाढणारे आपले बहुतेक गावरान वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीस लावलेला वाल दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलावर येतो व थंडीभर शेंगा देतो. तोच जानेवारी-फेब्रुवारीत लावला तर वेल मांडवभर पसरतो, पाने गर्द होतात, शेंग मात्र एकही धरत नाही. यावर खत घालून उपयोग नाही. दिवसाची लांबी खताने बदलत नाही.

पहिली पेरणी केव्हा करावी, याचे उत्तर विभागानुसार वेगळे द्यावे लागेल. मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भात मृगाचा पाऊस होऊन चांगला वापसा आला की भेंडी, गवार, चवळी आणि वेलभाज्या टोकाव्यात. पालेभाज्यांची घाई करू नये. पावसाळ्यात मेथी व कोथिंबीर सडते, पानांवर चिखल उडतो आणि तण तिच्याआधी वाढते. या भाज्या पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरपासून पुढे, चांगल्या येतात. कोकण, गोवा आणि घाटमाथ्याच्या अतिपावसाच्या भागात मात्र परसबागेची सुरुवात पावसाळ्यात न करता भात कापणीनंतर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे जूनमध्ये फक्त काकडी, दोडका, पडवळ यांचे वेल उंचवट्यावर आळी करून लावावेत. लाल माठ, मुळा, वाल, चवळी यांना भातानंतरचा ओलावा व हिवाळ्यातली कोरडी हवा मानवते, आणि कोकणात ती जुनी पद्धतही आहे.

जून महिन्यासाठी निवड

भेंडी हे पहिल्या परसबागेचे मुख्य पीक धरावे. तिला जमीन कोणतीही चालते, फक्त पाणी साचता कामा नये. भारी जमिनीत सपाट वाफ्याऐवजी वरंब्यावर टोकावी. दोन ओळींत ४५ सें.मी. व दोन झाडांत ३० सें.मी. अंतर ठेवून एका ठिकाणी दोन दाणे २ ते ३ सें.मी. खोल टाकावेत. दहा-बारा दिवसांनी विरळणी करून एक जोमदार रोप ठेवावे. भेंडीचा मोठा शत्रू म्हणजे पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा हळद्या, म्हणजेच पिवळ्या शिरांचा विषाणू रोग. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात दिलेला 'परभणी क्रांती' हा वाण या रोगास प्रतिकारक म्हणून गाजला. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा 'अर्का अनामिका' हाही त्याच कारणासाठी लावला जातो. इतक्या वर्षांनंतर ही प्रतिकारशक्ती सर्वत्र पूर्वीइतकी राहिलेली नाही, तथापि परसबागेसाठी हे सरळ वाण आजही उपयुक्त आहेत. पिवळ्या शिरांचे झाड दिसताच उपटून जाळावे. त्यावर औषध नाही. दुसरी गोष्ट तोडणीची. भेंडी दर दोन दिवसांनी तोडावी. चार फळे जून होऊ दिली की झाड बी पोसू लागते आणि नवीन फुले कमी येतात.

गवार ही पाण्याची ओढ सोसणारी भाजी आहे. ज्या घरी रोज पाणी घालणे जमणार नाही तिथे भेंडीपेक्षा गवारीवर भर द्यावा. 'पुसा नवबहार' हा वाण बिनफांद्यांचा, सरळ वाढणारा असल्याने थोड्या जागेत बसतो. चवळीची झुडपी जात घेतली तर आधाराची गरज नसते. गवार आणि चवळी ही दोन्ही शेंगवर्गीय पिके मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठवितात, म्हणून त्यांना नत्रयुक्त खत जास्त देऊ नये. दिल्यास पाला वाढतो, शेंगा कमी होतात. चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा येतो. सुरुवातीसच शेंडे खुडून किंवा ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करून तो आटोक्यात ठेवता येतो.

वेलांसाठी वेगळी जागा शोधण्याचे कारण नाही. कुंपण, गोठ्याचे छप्पर, जुन्या बाभळीच्या फांद्या पुरेशा होतात. दोडका, घोसाळे, काकडी, दुधी, लाल भोपळा यांतून पहिल्या वर्षी दोनच निवडावेत. ३० सें.मी. लांब, रुंद व खोल आळे करून त्यात घमेलेभर कुजलेले शेणखत मातीत मिसळावे आणि दोन-तीन बिया टोकून एक किंवा दोनच वेल ठेवावेत. काकडीत 'पूना खिरा' व 'हिमांगी', दोडक्यात 'पुसा नसदार' व 'कोकण हरिता' हे वाण आपल्याकडे परिचित आहेत.

वेलभाज्यांविषयी घरोघर एक तक्रार ऐकू येते, की फुले खूप येतात पण सगळी गळून पडतात. यात रोग काही नाही. या वेलांवर नर व मादी फुले वेगवेगळी असतात आणि सुरुवातीस बहुधा नर फुलेच येतात. ती फुलतात आणि गळतात. काही दिवसांनी देठाशी बोटभर कोवळे फळ असलेली फुले दिसू लागतात, ती मादी फुले होत. तीही पिवळी पडून गळू लागली तर परागीभवन होत नाही असे समजावे. काकडी व भोपळ्याची फुले सकाळी उमलतात, दुधी व दोडक्याची संध्याकाळच्या सुमारास. त्या वेळी ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलके टेकवावा. मुलांना हे काम आवडते. या वेळांत कीटकनाशकाची फवारणी करू नये, नाही तर परागीभवन करणारे कीटकच मरतात.

पाऊस ओसरल्यावर

या हंगामाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, माठ यांना वाफा सारखा, ढेकळे फोडलेला आणि पाणी झारीने दिलेले असावे, एवढे सांभाळल्यास ती सहसा चुकत नाहीत. पालकाचे एक 'बी' म्हणजे अनेक बियांचा गोळा असतो, त्यामुळे एका जागी दोन-तीन रोपे येतात. त्यास दाट पेरणी समजू नये. मुळ्याची विरळणी मात्र टाळू नये. दोन मुळ्यांत ८ ते १० सें.मी. जागा हवीच, आणि उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी होतेच. घेवडाही या काळात टोकता येतो. कडाक्याची थंडी व कडक ऊन दोन्ही त्यास सोसत नाही.

पहिल्या वर्षी काय टाळावे?

कोबी व फुलकोबीस थंड हवा, सांभाळलेली रोपे आणि चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाविरुद्ध सततची राखण लागते. गाजर उगवण्यास दोन आठवड्यांपर्यंत वेळ घेते, तोवर वाफ्याचा वरचा थर सतत ओला राहावा लागतो. शिवाय भारी जमिनीत त्यास फाटे फुटतात. बियांपासून कांदा करणे हे पाच महिन्यांचे काम आहे. ढोबळी मिरची तर परसबागेत न केलेलीच बरी.

वांगी, टोमॅटो व मिरची यांच्याशिवाय आपले स्वयंपाकघर चालत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर सोपा उपाय असा की, पहिल्या वर्षी बी न आणता खात्रीच्या रोपवाटिकेतून प्रत्येकी आठ-दहा रोपे आणावीत. रोपे बुटकी, जाड खोडाची, चार-सहा आठवड्यांची असावीत. फुलावर आलेली उंच रोपे पाहून भुलू नये. पाने आकसलेली, चुरगळलेली असल्यास त्या वाफ्यातील एकही रोप घेऊ नये. टोमॅटो पावसाळ्यात न लावता पाऊस संपताना लावावा, म्हणजे करप्याचा त्रास कमी होतो.

पाकीट वाचून घ्यावे

बियाणे अधिनियम १९६६ मध्ये झाला आणि त्याखालील नियम १९६८ मध्ये आले. त्यानुसार बियाण्याच्या पाकिटावर पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणक्षमता, शुद्धता, चाचणीची तारीख आणि वैधता ही माहिती छापलेली असते. नवशिक्याने चित्र पाहण्याआधी चाचणीची तारीख पाहावी. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीपासून नऊ महिने धरली जाते. प्रमाणित बियाण्यास निळी खूणचिठ्ठी असते. बाजारातील बरेचसे भाजीपाला बियाणे हिरवट खूणचिठ्ठीचे, म्हणजे सत्यप्रत असते. त्याच्या दर्जाची जबाबदारी उत्पादक स्वतः घेतो. सत्यप्रत बियाणे कमी दर्जाचे असते असे नाही, परंतु पावती व रिकामे पाकीट हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करताना या दोन्हींची गरज लागते.

उगवणक्षमतेचा आकडा समजून घ्यावा. किमान प्रमाण सर्व पिकांत सारखे नाही. चवळीस ७५ टक्के, मेथी व गवारीस ७० टक्के, भेंडीस ६५ टक्के, तर वेलवर्गीय भाज्या व मिरचीस ६० टक्के आहे. म्हणजे भेंडीचे शंभर दाणे टोकले आणि सत्तर उगवले तर बियाणे चांगलेच समजावे. एका ठिकाणी दोन दाणे टाकण्याची शिफारस यासाठीच असते.

शेजाऱ्याकडून आणलेले, घरात पडून असलेले किंवा किराणा दुकानातील बी वापरावयाचे असल्यास आधी चाचणी घ्यावी. पंचवीस दाणे मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात ओळीने मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी व गोणपाट ओले राहील इतपत पाणी शिंपडावे. मेथी-मुळ्याचे मोड तीन-चार दिवसांत, भेंडीचे सहा-सात दिवसांत मोजता येतात. सरळ मूळ व निरोगी कोंब असलेलेच दाणे धरावेत. निम्म्याहून कमी उगवले तर ते बी पेरणीत घालू नये. मेथी व धने किराणा दुकानातून आणून पेरण्याची पद्धत सर्रास आहे. चाचणीत उतरल्यास त्यात गैर काही नाही, फक्त वाण कोणता ते कळत नाही. उलट पाकिटातील लाल, निळे रंगविलेले बी चुकूनही स्वयंपाकात जाऊ देऊ नये. त्यास बुरशीनाशक लावलेले असते. असे बी भिजतही घालू नये, औषध धुऊन जाते.

संकरित की सरळ वाण?

व्यापारी शेतीत संकरित वाणांचे महत्त्व निर्विवाद आहे. एकसारखा माल, जास्त उत्पादन, वाहतुकीस टिकणारी फळे ही त्यांची जमेची बाजू. परसबागेत यातील पहिली व तिसरी बाजू निरुपयोगी ठरते. घरच्या भेंडीची लांबी कोणी मोजत नाही आणि ती ट्रकमधून पाठवायची नसते. शिवाय संकरित पिकाचे बी धरले तर पुढच्या पिढीत गुण विभागले जातात, झाडे नाना तऱ्हेची निघतात. म्हणून पहिल्या परसबागेसाठी सरळ, सुधारित किंवा खात्रीचे गावरान वाण घ्यावेत. कृषी विद्यापीठांच्या बियाणे विक्री केंद्रांत व कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी केल्यास असे बियाणे मिळू शकते. गावरान बियाण्याची किंमत काय असते, हे अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवून दिले आहे. वालासारख्या अनेक भाज्यांचे स्थानिक वाण त्यांनी घरच्या बियाणे बँकेत जपले आणि त्या कार्यासाठी २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार त्यांना जाहीर झाला.

घरी बी धरण्यास चवळी, गवार, वाल, घेवडा व मेथी सर्वांत सोयीची. यांच्या फुलांत बहुतांशी स्वपरागीभवन होते, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. भेंडीत काही प्रमाणात परपरागीभवन होते. शेजारी दुसरी भेंडी नसेल तर तिचेही बी धरावे. वेलवर्गीय भाज्यांत मात्र कीटक एका वेलाचा पराग दुसऱ्यावर नेतात, म्हणून वाणाची खात्री राहत नाही. दुधीच्या बाबतीत तर यात धोका आहे. जवळपास कडू दुधीचा वेल असेल तर त्याचा गुण घरच्या बियाण्यात उतरू शकतो. कडू दुधीतील द्रव्य विषारी असते. चिरताना दुधीचा लहान तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागल्यास थुंकून टाकून तो दुधी फेकून द्यावा, भाजी करू नये, रस तर मुळीच पिऊ नये. त्या वेलाचे बीही धरू नये.

किती बी लागेल?

३ मीटर लांब व ३ मीटर रुंद एवढी जागा, म्हणजे गुंठ्याचा साधारण अकरावा हिस्सा, सुरुवातीस पुरे. पहिल्या वर्षी याहून मोठी जागा घेतल्यास तण आवरत नाही. जूनमध्ये या जागेत ४५ सें.मी. अंतरावर भेंडीच्या तीन, गवारीच्या दोन व चवळीची एक अशा सहा ओळी बसतात. वेल कुंपणाला. यासाठी भेंडीचे ४ ते ५ ग्रॅम, गवारीचे ३ ग्रॅम आणि चवळीचे ३ ग्रॅम बी पुरते. पाकिटे यापेक्षा मोठी असतात, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून घ्यावीत. भेंडीची तीस झाडे ऐन बहरात पाच माणसांच्या घरास आठवड्यातून दोन-तीन वेळा भाजी देतात.

ऑक्टोबरमध्ये हीच जागा पालेभाज्यांसाठी वापरावी. मेथीस दर चौरस मीटरला सुमारे ५ ग्रॅम बी लागते. संपूर्ण वाफा एकाच दिवशी पेरू नये, नाही तर महिन्यानंतर आठ दिवस मेथीच मेथी आणि पुढे काही नाही, असे होते. दर आठ-दहा दिवसांनी एक मीटरचा तुकडा पेरीत जावे.

भेंडी-गवारीचा बहर ओसरू लागला की प्रत्येकी तीन-चार निरोगी झाडांना लाल फीत किंवा सुतळी बांधावी आणि त्यांवरील मधल्या भागातील शेंगा तोडू नयेत. पिवळ्या शिरांचे एकही झाड बियाण्यासाठी ठेवू नये. शेंगा झाडावरच वाळून तडकू लागल्या की काढाव्यात. बी सावलीत आठ दिवस वाळवावे, दाताखाली फोडून पाहावे. कट्ट असा आवाज आला म्हणजे ते साठविण्याजोगे झाले. कोरडी, चाळलेली राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे आणि डब्यावर भाजीचे नाव, वाण व वर्ष लिहिलेली चिठ्ठी लावून तो चुलीपासून दूर, थंड जागी ठेवावा. मे महिन्याच्या शेवटी याच बियाण्यातील पंचवीस दाणे गोणपाटात घालून उगवण पाहावी.